शर्यत जिंकायची ती वळणावर

तंजावरहून कुंभकोणमला निघालं की वाटेत पापनाशम लागतं. कावेरीच्या खोऱ्यातलं, भातशेतीत वेढलेलं गाव. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत या मुलखावर भोसल्यांचं राज्य होतं, त्यामुळे इकडच्या काही घरांत आजही मराठी कानावर पडतं. अशा एखाद्या घरात सुट्टीच्या दुपारी काय दिसेल? जे साताऱ्यात किंवा सोलापुरात दिसतं तेच. पंख्याखाली नातू पालथा पडलेला, हातात आईचा मोबाईल आणि पडद्यावर रथांची शर्यत. चार घोडे, धूळ, गर्दीचा आरडाओरडा. नातवाचा अंगठा वेगाच्या बटणावर जो बसलाय तो उठतच नाही. पहिलं वळण येतं, रथ कठड्यावर आदळतो, खेळ खल्लास! पुन्हा सुरू. पुन्हा तेच वळण, पुन्हा तोच अपघात.

शेजारी आरामखुर्चीत आजोबा असतील आणि त्यांनी तरुणपणी रेक्ला शर्यती पाहिल्या असतील, तर त्यांना राहवणार नाही. वळणाआधी आवर, असं ते सांगतीलच. नातू ऐकेल की नाही, हा भाग वेगळा.

रेक्ला म्हणजे दोन चाकांची हलकी गाडी. पोंगलच्या दिवसांत आणि गावदेवतेच्या उत्सवात तामिळनाडूत या गाड्यांच्या शर्यती लागतात. कोईमतूरकडे दोनशे किंवा तीनशे मीटरची सरळ धाव असते, एकेक जोडी घड्याळावर पळते. तंजावर, पुदुकोट्टई, शिवगंगेकडची तऱ्हा निराळी. तिथे गाड्या डांबरी रस्त्यावरून एकदमच सुटतात, काही मैल जातात, ठरल्या खुणेला वळसा घालून परत येतात. मोठ्या बैलांना लांबचा पल्ला, लहान बैलांना जवळचा. आता ज्या शर्यतीत अर्ध्या वाटेवर मागे फिरायचं आहे, तिथे नुसत्या वेगाचा उपयोग किती? खुणेपाशी भरधाव येणारी गाडी रुंद वळसा घेते. तेवढ्यात आतल्या बाजूनं दुसरा कुणी शांतपणे निघून जातो.

ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीक महाकवी होमरच्या ‘इलियड’मध्ये पेट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर रथांची शर्यत होते. पाच जण उतरतात. त्यांतल्या अँटिलोकसचे घोडे सर्वांत वेगवान मुळीच नाहीत. त्याचा म्हातारा बाप नेस्टर त्याला बाजूला घेऊन समजावतो. तात्पर्य असं, की घोडे मंद असले तरी हरकत नाही, अक्कल मंद नको. वळणाच्या खुंटापाशी डावा घोडा अगदी लगटून ने, उजव्याला मोकळा लगाम दे. चाकाचा तुंबा दगडाला घासला असं पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे, पण घासता मात्र कामा नये.

एखादा दुसरा बाप मुलाला ‘जोरात हाक’ म्हणाला असता. नेस्टर एका घोड्याला आवर आणि दुसऱ्याला सोड म्हणतो. मोबाईलवरच्या बहुतेक रथांच्या खेळांतही हीच मेख असते. वळण दिसण्याआधी वेग उतरवायचा, आतली कड धरायची आणि तोंड सरळ झालं की मगच घोडे सोडायचे. वळणात शिरल्यावर वेग कमी करायला जाणारा आधीच बाहेर फेकला गेलेला असतो.

अँटिलोकसनं पुढं काय केलं, तेही सांगायला हवं. पाण्यानं खचलेल्या अरुंद वाटेवर त्यानं आपला रथ मेनेलॉसच्या रथाला खेटून दामटला. टक्कर होईल या भीतीनं मेनेलॉसनं घोडे आवरले आणि हा पठ्ठ्या पुढे निघून दुसरा आला. पण बक्षीस वाटताना मेनेलॉस उभा राहिला. कपट केलं नाहीस अशी शपथ घे, म्हणाला. अँटिलोकसला शपथ घेववेना. जिंकलेली घोडी त्यानं मुकाट्यानं पुढे केली. (मेनेलॉसनं ती त्यालाच परत दिली, हा त्याचा मोठेपणा.)

आता प्रश्न असा, की सुरुवातीलाच पुढे घुसावं की शेवटासाठी दम राखावा? नातवंडांत यावरून भांडणं होतात. याचं उत्तर रोममधल्या एका शिलालेखात आकड्यांसह कोरलेलं आहे. इसवी सन १४६ च्या या लेखात डायोक्लिस नावाच्या सारथ्याचा हिशेब आहे. हा आजच्या पोर्तुगालच्या बाजूचा. चोवीस वर्षं त्यानं रथ हाकले आणि बेचाळिसाव्या वर्षी लगाम खाली ठेवले. एकूण शर्यती ४,२५७, विजय १,४६२. त्यांतल्या ८१५ शर्यती त्यानं सुरुवातीपासून आघाडी घेऊन जिंकल्या. ५०२ शर्यतींत अगदी अखेरीस दुसऱ्याच्या हातातला विजय हिसकावला. मागून येऊन जिंकलेल्या ६७. उरलेल्या इतर तऱ्हांच्या.

रोमच्या मोठ्या मैदानात बारापर्यंत रथ एकदम सुटत आणि मधल्या भिंतीभोवती सात फेऱ्या घालत. तिथे आतली कड आधी बळकावणाऱ्याचा फायदा उघड होता. म्हणून ८१५. तरीही पाचशेवर शर्यतींत त्यानं दम राखून शेवटी डाव साधला. म्हणजे नियम एकच नाही. वळणं पुष्कळ आणि वाट अरुंद असेल तर आरंभी पुढे जावं. वाट सरळ आणि लांब असेल तर घोड्यांची ताकद दाखवणारी पट्टी शेवटच्या टप्प्यासाठी भरलेली ठेवावी. आणि हो, हा महापराक्रमी माणूस २,७९५ वेळा जिंकू शकला नव्हता. तीनदा हरून मोबाईल गादीवर आपटणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं!

आपल्या महाराष्ट्रात रथ राहिले नाहीत, पण गाडा राहिला. खेड, जुन्नर, आंबेगावकडे घाटाच्या चढावर बैलगाडा पळतो. पुढे घोडी, मागे बैलांच्या दोन जोड्या आणि निकाल सेकंदांवर. सातारा-सांगलीकडे सपाट माळावर छकड्या एकदम सुटतात, आधी गट, मग सेमी, मग फायनल. विदर्भात शंकरपट. तिथल्या धुरकऱ्याला विचारा, पट कशावर जिंकतात म्हणून. तो जोडीबद्दल बोलायला लागेल. एक बैल वाऱ्यासारखा आणि दुसरा त्याच्या मागे ओढला जाणारा असला, तर जू तिरकं होतं आणि गाडी वाट सोडते. त्यापेक्षा जरा कमी वेगाचे, पण एका पावलानं पळणारे दोन बैल बरे. काही बैल डाव्या खांद्याला पळतात, काही उजव्या. दोन्ही खांद्यांना पळणारा खिलार ज्याच्या दावणीला असेल, त्याला शेजारच्या तालुक्यातून निरोप येतात. असा बैल वर्षभर जपावा लागतो. खुराक, पोहणी, रोजची चाल आणि मालकाच्या हाताची सवय. मैदानातले ते थोडे सेकंद म्हणजे या सगळ्याची शेवटची ओळ.

पण ज्यांच्यापाशी वर्षभराचा धीर नव्हता, त्यांनी जवळची वाट धरली. चाबूक, खिळे, शेपटी पिरगाळणं, विजेचा झटका. असे प्रकार होत होते, हे शर्यतीवर जीव टाकणारे शेतकरीही नाकारत नाहीत. त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. तंजावरकडची गाडी थांबली, जुन्नरकडचा गाडाही थांबला. ज्यानं बैलाला कधी काठी लावली नव्हती, त्याच्या दावणीचा पळाऊ बैलही नुसता उभा राहिला. न पळणाऱ्या शर्यतीच्या बैलाचं शेतकऱ्यानं करायचं काय? नांगराला तो कामाचा नाही आणि खुराक तर रोजचाच. पुष्कळांनी जड मनानं बैल विकले.

तामिळनाडूनं आणि महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदे बदलले, तरी महाराष्ट्रातल्या शर्यतींना वाट मोकळी झाली ती १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशानं. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं दोन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांचा डॉक्टर हजर लागतो, धाव हजार मीटरच्या आत ठेवावी लागते. काठी, चाबूक, टोचणी यांना बंदी आहे. अँटिलोकसला विचारली गेली होती ती शपथ आता प्रत्येक गाडामालकाला घ्यावी लागते, एवढंच. नियम कागदावर राहिले, तर पुन्हा कोर्टाची पायरी आहेच.

अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे. तिथे बायकाही कासरा हातात घेऊन पट हाकतात. लोक त्याचं नवल करतात, पण ऋग्वेदात मुद्गलानी नावाच्या स्त्रीनं शर्यतीत रथ हाकून जिंकल्याची कथा आहे, तेव्हा हे काही आजचं नव्हे. याच जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. महाभारतातलं कुंडिनपूर ते हेच, असं मानतात. म्हणजे नळराजाची सासुरवाडी.

राज्य गमावलेला नळ बाहुक या नावानं अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी होता. दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्याच आहे, असा निरोप आला आणि एका दिवसात कुंडिनपूर गाठायचं ठरलं. बाहुकानं तबेल्यातून घोडे निवडले ते किडकिडीत. राजा चिडला, असल्या घोड्यांनी पोचणार कसं म्हणाला. बाहुक म्हणाला, हवे तर दुसरे जोडतो, पण पोचवतील ते हेच. रथ असा निघाला, की वाटेत राजाचं उपरणं पडलं आणि त्यानं थांबायला सांगेपर्यंत ते योजनभर मागे राहिलं होतं. पुढे एका बेहड्याच्या झाडापाशी राजानं पानं-फळं किती ते न मोजताच सांगितलं, तेव्हा एवढ्या घाईतही बाहुकानं रथ थांबवला. मला मोजून बघू द्या, म्हणाला. राजा हवालदिल, आणि हा खाली उतरून निवांत मोजतोय!

संध्याकाळी रथ कुंडिनपुरात शिरला. दमयंतीनं अजून कुणाला पाहिलं नव्हतं. नुसत्या चाकांचा घरघराट ऐकून तिला वाटलं, असा रथ हाकणारा नळच. आणि तिथल्या तबेल्यात बांधलेले नळाचे जुने घोडे कान टवकारून उभे राहिले.