बॉस, शॉकअप बसलेत!

आपण सगळे आपापल्या बाईकची काळजी घेतो, असं आपल्याला ठामपणे वाटतं. ॲव्हरेज किती देते ते तोंडपाठ असतं. रविवारी सकाळी बादली आणि शॅम्पू घेऊन पार्किंगमध्ये उतरणारेही कमी नाहीत. पण एक सांगा, मागच्या चाकाच्या दोन बाजूंना त्या दोन स्प्रिंगवाल्या नळ्या उभ्या असतात ना, त्यांच्याकडे शेवटचं कधी बघितलंत?

गॅरेजच्या भाषेत त्यांना शॉकअप म्हणतात. पूर्ण नाव शॉक ॲब्सॉर्बर. गाडीतला हा सगळ्यात सोशिक प्राणी. क्लच वायर तुटली की गाडी जागेवर उभी. पंक्चर झालं की ढकलत न्यावी लागते. शॉकअप मात्र कधी संप करत नाहीत. रोज थोडेथोडे जातात आणि आपलं शरीर रोज थोडंथोडं ॲडजस्ट होतं. खड्डा दिसला की आपण नकळत सीटवरून उचलले जातो, स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घालतो. संध्याकाळी कंबर दुखली की शिव्या खातात महापालिका आणि ऑफिसची खुर्ची.

माझी स्प्लेंडर २००९ सालची. टाकीवर अजून ‘हिरो होंडा’ लिहिलेलं आहे. कंपनीचं नाव २०११ मध्ये बदललं, म्हणजे ती किती जुनी त्याचा अंदाज आला असेल. इंजिन अजून पहिल्या किकला चालू होतं. पण मध्यंतरी आईनं जाहीर केलं, “तू हो पुढे, मी रिक्षानं येते. तुझ्या गाडीवर बसलं की माझे सगळे मणके मोजून होतात.”

आईच्या तक्रारीत भूमिती आहे. चालवणारा दोन चाकांच्या साधारण मधोमध बसतो. मागे बसणारा जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. चाक उसळलं की आपल्या वाट्याला धक्क्याचा काही भाग येतो, मागच्याला जवळपास सगळा. त्यात एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई असेल तर तिला पायावर जोर देऊन उठताही येत नाही. त्यामुळे शॉकअप गेलेत हे सगळ्यात आधी मागच्या सीटला कळतं. बायको, मैत्रीण, आई, रूममेट, कुणीही असो. “गाडी फार उडते रे,” असं कुणी म्हणालं तर त्याच्या वजनावर जोक मारू नका. गाडी बघा.

आता थोडं आत डोकावू. स्प्रिंगचं काम वजन पेलायचं. पण स्प्रिंग दाबून सोडली की ती उसळते आणि उसळतच राहते. तिला आवरायला आतल्या नळीत तेल असतं. तेलात पिस्टन वरखाली होतो, त्याच्या बारीक छिद्रांतून तेलाला वाट काढावी लागते. त्या अडथळ्यात उसळीची ताकद उष्णता होऊन संपते. वर्षं गेली, चिखल-धूळ बसली, दांड्याला गंज धरला की सील जातं. मग तेल गळतं आणि उरते नुसती स्प्रिंग.

इथे प्रश्न फक्त कमरेचा राहत नाही. नुसत्या स्प्रिंगवर चाललेलं चाक खडबडीत रस्त्यावर पुन:पुन्हा क्षणभर हलकं होतं. हलक्या चाकाला पकड नसते. नेमका तेव्हा ब्रेक दाबला तर चाक लॉक होऊन घसरू शकतं. वळणावर आणि पावसात तर विचारूच नका. म्हणजे शॉकअप हा आरामाचा पार्ट म्हणून विकला जात असला, तरी तो ब्रेकचा सख्खा भाऊ आहे.

तपासणी फुकटात होते. आधी टायरमधली हवा बघा, कारण जास्त हवेनंही गाडी दणके देते. मग गाडी सरळ धरा, मागची सीट दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन शांत झाली तर छान. दोन-तीनदा झुलली तर तेलानं राम म्हटलाय. शॉकअपवर तेलाचा ओघळ आणि त्याला चिकटलेली काळी धूळ दिसली तर शंकाच नको. नुसताच खट्खट् आवाज येत असेल तर कदाचित टोकाचे रबरी बुशच गेले असतील, ते स्वस्तात बदलता येतात. आणि चाक धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. खेळ जाणवला तर चिमट्याचे बुशही दाखवून घ्या. चिमटा म्हणजे ज्यात मागचं चाक बसतं तो लोखंडी भाग.

गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो, “दादा, टाइट करून देतो.” म्हणजे शॉकअपच्या तळाशी खाचा असलेली रिंग असते, ती फिरवून वरच्या खाचेवर न्यायची. यानं गाडीची मागची बाजू थोडी उचलली जाते. डबलसीट जाताना हे उपयोगी आहेच. पण स्प्रिंग जास्त दाबून बसवली म्हणून गळलेलं तेल परत येत नाही. उलट स्प्रिंग जोरात उसळते आणि तिला आवरणारं कुणी नसतं. दुसरा सल्ला रीफिलचा. नळी उघडून नवं तेल, नवं सील. स्वस्त पडतं, पण आतला दांडा खरवडलेला असेल तर तो नव्या सीललाही खाणार. बरेचसे शॉकअप मुळात उघडायला बनवलेलेच नसतात.

तेव्हा नवी जोडी घ्या. जोडीच, एक नाही. एक नवा आणि एक दमलेला असं ठेवलं तर चिमट्याला एका बाजूनं आवर आणि दुसऱ्या बाजूनं मोकळं रान. गाडी बनवणारी कंपनी आणि शॉकअप बनवणारी कंपनी बहुधा वेगळी असते. वाळूजची एन्ड्युरन्स, पुण्याची गॅब्रिएल, हरियाणातली मुंजाल शोवा ही त्यातली मोठी नावं. दुकानात, मग ते नाना पेठेतलं असो की तुमच्या कोपऱ्यावरचं, गाडीचं मॉडेल आणि साल सांगा. जुना शॉकअप सोबत असेल तर वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंतची लांबी जुळवून बघा. ‘स्पोर्टी लूक’साठी लांब शॉकअप टाकले की मागचा भाग उंच होतो, हँडलचा स्वभाव बदलतो आणि चेनचा ताणही. फार आखूड घेतले तर चाक मडगार्डला घासायची भीती.

बसवायला रॉकेट सायन्स लागत नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या. एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे दुसरी बाजू चिमटा जागेवर धरून ठेवते. वॉशर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं परत. दोन्हीकडच्या रिंगा एकाच खाचेवर. नट नीट आवळले की चेनचा ताण तपासा. आणि हो, रात्री हेडलाइटही बघा. मागून बसलेली गाडी नाक वर करून चालते आणि समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश मारते. शॉकअप बदलल्यावर तो झोत खाली येतो, म्हणजे सेटिंग पुन्हा करावं लागू शकतं. पाने हातात धरायची हौस नसेल तर मेकॅनिकचं हे काम तासाभराच्या आत होतं. खर्च म्हणाल तर साध्या शंभर सीसीच्या गाडीला साधारण दोघांच्या एका वीकेंडचा, सिनेमा आणि जेवण धरून.

माझ्या गाडीच्या नोंदणीला १५ वर्षं झाली तेव्हा घरात चर्चा झाली होती, की ५ वर्षांचं नूतनीकरण करायचं की गाडी देऊन टाकायची. “आता खिळखिळी झालीय” हाच विकण्याचा मुख्य मुद्दा होता. जुन्या गाड्यांच्या नशिबात हे वाक्य बऱ्याचदा येतं. पण खिळखिळेपणा म्हणजे बहुतेक वेळा दोन शॉकअप, चार बुश आणि एक सैल चेन. इंजिन ठणठणीत असेल तर एवढ्यावरून गाडी भंगारात काढणं म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला म्हणून माणसाला रिटायर करण्यासारखं. आधी हे बदला, आठवडाभर चालवा, मग विकायचं की नाही ते ठरवा.

नवे शॉकअप बसले त्या आठवड्यात आई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मंडईपासून घरापर्यंत मागे बसून आली. कौतुक वगैरे काही केलं नाही. फक्त वाटेतल्या तिन्ही स्पीडब्रेकरवर तिचं बोलणं एकदाही तुटलं नाही.

तर या शनिवारी पार्किंगमध्ये जा, सीट दाबा आणि सोडा. किती वेळा झुलते ते मोजा. एकाहून जास्त आकडा आला तर सोमवारच्या आत मेकॅनिकला फोन लावा.