मगर ओळखायची तर आधी नदी पाहा

पिंपळगाव बसवंतहून हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जाणारा हौशी पक्षीनिरीक्षक थापट्या बदक लांबूनच ओळखतो, कारण त्याची चोच फावड्यासारखी पसरट असते. हाच माणूस सहलीला चिपळूणला, गोव्याला किंवा मुलांकडे फ्लोरिडाला निघाला की मगर आणि अ‍ॅलिगेटर ओळखण्यासाठीही तोंडाच्या आकाराचाच नियम सोबत नेतो: तोंड रुंद आणि गोलसर तर अ‍ॅलिगेटर, निमुळते तर मगर. अमेरिकेत हा नियम बऱ्यापैकी चालतो, आपल्याकडे साफ फसतो. कृष्णेत आणि वाशिष्ठीत दिसणाऱ्या आपल्या मगरीचे तोंड तिच्या जवळच्या भाऊबंदांत सर्वांत रुंद असते. तेव्हा नियम जसाच्या तसा लावला, तर भिलवडी-औदुंबरच्या काठावर ऊन खात पडलेली मगर अ‍ॅलिगेटर ठरते! म्हणूनच माझे म्हणणे असे की ओळखीची सुरुवात जागेपासून करावी. जगात अ‍ॅलिगेटरच्या दोनच जाती उरल्या आहेत, एक अमेरिकेच्या आग्नेय भागात आणि दुसरी चीनमध्ये यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात. भारतातल्या एकाही नदीत रानटी अ‍ॅलिगेटर नाही. इथे आहेत त्या आपली मगर, भितरकनिका, सुंदरबन आणि अंदमानातली खाऱ्या पाण्यातली मगर, आणि लांब चिंचोळ्या तोंडाची घडियाल.

या घोळात भाषेनेही भर घातली आहे. मगर या आपल्याच शब्दावरून इंग्रजांनी आपल्या मगरीला ‘mugger’ म्हटले आणि आपण मात्र अ‍ॅलिगेटरला मराठी शब्द हवा म्हणून ‘सुसर’ पुढे केला. सुसरबाईची पाठ मऊ म्हणणारी आपली म्हण अ‍ॅलिगेटर कधीही न पाहिलेल्या माणसांची आहे. काही ठिकाणी घडियालीलाही सुसर म्हणतात. अ‍ॅलिगेटरला अ‍ॅलिगेटरच म्हणावे, त्यात कमीपणा काही नाही.

कोणी म्हणेल, जागाच निर्णायक असेल तर ओळखीसाठी दात पाहायचा सल्ला देतात तो कशाला? दक्षिण फ्लोरिडासाठी. मगर आणि अ‍ॅलिगेटर दोन्ही निसर्गात एकत्र राहतात अशी जगातली ती एकमेव जागा. तिथे मिटलेल्या जबड्याकडे दुर्बीण लावावी. खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसला तर मगर. खालचे दात वरच्या जबड्याआड झाकले गेले तर अ‍ॅलिगेटर. आ वासून पडलेल्या जनावरावर मात्र ही खूण चालत नाही, आणि त्यासाठी होडी जवळ नेण्याचा आग्रह तर कोणी धरूच नये.

दुसरा आक्षेप अधिक रोकडा आहे: दोन्ही चावतात, मग फरकाचे प्रवाशाला काय? फरक पडतो. मगरीच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. अ‍ॅलिगेटरमध्ये त्या तशा काम करत नाहीत. म्हणून गोव्याच्या कुंभारजुवे कालव्यात, खारफुटीच्या मचूळ पाण्यातही आपली मगर सुखाने राहते. पाणी खारट आहे म्हणजे पोहायला हरकत नाही, हा समज तिथे जिवावर बेतू शकतो. फोंडा तालुक्यातल्या काही गावांत शेतकरी चिखलाची मगर थापून ‘माणगे थापणी’ करतात. अशा पाण्यातही मगर असते, हे पिढ्यान् पिढ्या शेजारी राहणाऱ्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

घरट्याचेही तसेच. अ‍ॅलिगेटर पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते, तो लांबूनही नजरेत भरतो. आपली मगर काठावरच्या वाळूत किंवा मऊ मातीत खड्डा खणून अंडी पुरते आणि वरून माती सारखी करते. अंडी घातली जातात ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, म्हणजे परीक्षा संपून सहली निघतात त्याच सुमारास. त्या दिवसांत ढिगारा दिसत नाही म्हणून मोकळ्या वाटणाऱ्या काठावर उतरून फोटो काढणाऱ्या माणसाच्या पायाखाली अंडी असू शकतात, आणि मादी तिथून फार लांब नसते.