यंत्राची उलटतपासणी

म्हैसूरच्या प्राच्यविद्या ग्रंथालयात १९०५ मध्ये तंजावरकडच्या एका पंडिताने ताडपत्रांचे बाड आणून दिले. ग्रंथपाल आर. शामाशास्त्री यांनी ते लावून पाहिले, तर समोर होते कौटिल्याचे हरवलेले ‘अर्थशास्त्र’! १९०९ मध्ये त्यांनी संहिता छापली. पुढे मुंबईच्या प्रा. र. पं. कंगले यांनी पोथ्या पुन्हा ताडून पाहिल्या आणि १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत चिकित्सक आवृत्ती काढली.

आज त्याच म्हैसुरातला बी.ए.चा विद्यार्थी चॅटजीपीटीला कौटिल्याची करपद्धती विचारू शकतो. मिनिटभरात दोन पाने हजर, अधिकरण-अध्यायाच्या आकड्यांसकट. आकडे खरे असतीलच असे नाही.

अशी पाने असाइनमेंट म्हणून आली, तर महाविद्यालयांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे पकडापकडी. ती फसते. यूजीसीचे २०१८चे नियम जुन्या मजकुराशी असलेले साम्य मोजतात. दहा टक्क्यांपर्यंत माफी. यंत्र तर दरवेळी नवी वाक्ये जुळवते! यंत्रलेखन ओळखणारे स्वतःचे साधन ओपनएआयनेच जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी सरासरीने यंत्राच्या नावावर टाकले. म्हणजे कन्नड किंवा मराठी माध्यमातून आलेल्या, बेताचे इंग्रजी लिहिणाऱ्या मुलावर आळ यायचा.

त्यापेक्षा यंत्राचे उत्तरच प्रश्नपत्रिका का करू नये? विद्यार्थ्याने ते छापून आणावे, प्रत्येक संदर्भ कंगल्यांच्या आवृत्तीत शोधावा, चूक तिथे समासात लिहावे. गुण समासाला. यंत्राला काय विचारले, त्यातले काय ठेवले, हेही जोडावे. इतिहासकार थॉमस ट्रॉटमन यांनी १९७१ मध्ये ‘च’, ‘वा’ असे बारीक शब्द मोजून ‘अर्थशास्त्र’ एकहाती नसल्याचे मांडले, तेव्हा मोजणीची रीतही पुस्तकात दिली. म्हणून तर त्यांच्याशी वाद घालता येतो.

अडचण वेळेची आहे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात असे समास वाचायचे, प्रत्येकाला दोन तोंडी प्रश्न विचारायचे, तर सत्रात चार-पाच असाइनमेंट झेपणार नाहीत. एकच ठेवावी. बाकीच्या तशाही कोण वाचतो?