मीटर किती, ते लिहायचं आपण विसरतो

परवा रात्री पोरगा मोबाईल घेऊन आला. कुठल्याशा देशात बायकांची टेनपिन बोलिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालली होती. गुळगुळीत लाकडी पट्टी, टोकाला दहा पिना, आणि एकेक बाई येऊन जड गोळा सोडते. सगळ्या पिना एका झटक्यात पडल्या की टाळ्या.

पोरगा म्हणाला, "पप्पा, आपल्याकडं असलं काही हाय का?"

म्हटलं, पट्टी नाही बाबा, पण गोळा आहे. आणि तो गोळा घेऊन आपल्या जिल्ह्यातली एक बाई जगभर जाऊन आली आहे. त्याला नाव माहीत नव्हतं. त्याचं काय चुकलं? आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

भाग्यश्री जाधव. कंधारला लागूनच असलेल्या मुखेड तालुक्यातलं होनवडज हे त्यांचं गाव. २८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकचं उद्घाटन झालं, तेव्हा भारताचा तिरंगा दोघांच्या हातात होता. एक भालाफेकपटू सुमित अंतिल आणि दुसऱ्या आपल्या भाग्यश्रीताई. इकडे तोवर मध्यरात्र उलटून २९ ऑगस्ट, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिन लागला होता. आपण झोपलेलो होतो. सकाळी उठून फोटो फॉरवर्ड केला, स्टेटस ठेवलं, संपलं.

आता खेळाचं बोलू. कारण तेच बोलायचं राहून जातं.

भाग्यश्रीताई एफ-३४ गटात गोळा फेकतात. ज्यांचे स्नायू ताठरतात किंवा ज्यांचा हालचालीवर, तोलावर ताबा राहत नाही, आणि त्याचा परिणाम मुख्यतः पायांवर असतो, अशा खेळाडूंचा हा गट. बायकांचा गोळा ३ किलोचा. उभं राहून, गिरकी घेऊन फेकायची सोय नाही. जमिनीला घट्ट बांधलेली खुर्ची असते, उशी धरून तिची उंची जास्तीत जास्त ७५ सेंटीमीटर. खेळाडूला तिच्यावर पट्ट्यांनी आवळून बसवतात. फेकताना बूड उचललं की फेक बाद. एकेकाला बसवायला वेळ लागतो, म्हणून आपल्या सगळ्या फेकी लागोपाठ उरकायच्या. मध्ये दम खायला मिळत नाही. सगळी ताकद कंबरेच्या वरून काढायची. घरी खुर्चीत बसून, बूड न हलवता, ३ किलो ज्वारीची पिशवी एका हातानं लांब टाकून बघा. मग मला सांगा.

टोकियोत त्यांनी ७ मीटर फेक केली, सातव्या आल्या. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य. मे २०२४ मध्ये जपानच्या कोबे शहरात जागतिक स्पर्धेत ७.५६ मीटर, पुन्हा रौप्य. पॅरिसमध्ये पाचव्या. म्हणजे टोकियो ते कोबे, तीन वर्षांत ५६ सेंटीमीटरची वाढ. वीतभर-दोन वीत अंतर वाटेल तुम्हाला. त्या दोन वितींसाठी किती सकाळी गेल्या असतील, ते मैदानावर घाम गाळलेल्यालाच कळेल.

इथं मला माझीच कबुली द्यायची आहे. वीस वर्षं या भागात बातमीदारी करतोय. अपंग खेळाडूची बातमी आली की माझ्या हातून ठरलेला मथळा पडायचा. 'अपंगत्वावर मात', 'जिद्दीला सलाम'. खाली दुःखाची सगळी कहाणी. मीटर किती, गट कोणता, दुसरा-तिसरा नंबर कोणाचा, यातलं काहीच नाही. क्रिकेटवाल्याची धाव न् धाव छापणारे आम्ही, हिच्या फेकीचं अंतर छापत नाही. मग वाचणाऱ्याला ती खेळाडू वाटतच नाही. बिचारी वाटते. आणि बिचारीला आपण काय देतो? शाल, नारळ, टाळ्या.

याचे परिणाम पुढं दिसतात. मागं एका शाळेच्या क्रीडा दिनाला गेलो होतो. सातवीतली एक मुलगी, पाय अधू, हात मात्र पैलवानासारखे. दिवसभर तिला एका कडेला बसवून मार्कांचा कागद धरायला दिला होता. सर प्रेमानंच म्हणाले, "तिला कशाला उन्हात त्रास?" तिनं माझ्याकडं बघितलं. गोळा तिच्यापासून दहा पावलांवर पडलेला होता. मी तेव्हा काही बोललो नाही. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

तिला काय लागलं असतं? स्टेडियम? परदेशी प्रशिक्षक? नाही हो. एक खुर्ची. लोखंडी पाइप, जाड पत्रा, चार पट्टे, जमिनीत पक्के चार हूक. ट्रॅक्टरची ट्रॉली बनवणारे आपले वेल्डिंगवाले हे काम एका दिवसात करून देतील. माप नियमात लिहिलेलं आहे.

पैसा कुठून? तोही आहे. ग्रामपंचायत असो की नगरपरिषद, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा शासनाचा नियम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर खेळासाठी वेगळं कलमच आहे. मैदान, सोयी, सहभाग ही सरकारची जबाबदारी आहे, असं त्यात म्हटलंय. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे तो गोळा नुसता गोळा नाही, कुणाच्या घरची चूलही त्यावर पेटू शकते.

काही जण म्हणतील, "अहो, इथं धडधाकट पोरांनाच मैदान नाही, तुमचं भलतंच." मान्य. मैदान सगळ्यांनाच पाहिजे. पण 'आधी त्यांचं होऊ द्या' म्हणता म्हणता हिचं वय निघून जातं. आणि एक खुर्ची बसवल्यानं कुणाचं मैदान कमी होत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. येत्या ग्रामसभेत, नगरपरिषदेच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा : यंदाच्या ५ टक्क्यांतून गोळाफेकीची एक खुर्ची आणि दोन गोळे येणार का? उत्तर काय मिळालं ते इथं कमेंटमध्ये लिहा. मी बातमी करतो.

आणि पुढच्या वेळी अशा कुण्या लेकीची बातमी मी दिली, आणि त्यात मीटर लिहायचं विसरलो, तर सगळ्यांसमोर माझा कान धरा.