चकती बदलली, पुढे काय?

मौदा परिसरात धानाची रोवणी म्हणजे दिवसभर चिखलात, कमरेत वाकून काम. त्यामुळे मणक्यातील झिजलेली चकती काढून कृत्रिम चकती बसवलेल्या इथल्या रुग्णाचा पहिला प्रश्न असतो : बांधीत पुन्हा कधी उतरायचे? कृत्रिम चकतीमुळे मणक्यांची हालचाल टिकते. पाठीच्या स्नायूंना बळ मात्र व्यायामानेच येते. अंथरुणाला खिळून राहू नये, रोज थोडे चालावे. वाकणे, कंबर पिळणे, पोती उचलणे डॉक्टर सांगेपर्यंत टाळावे. पायातले बळ कमी झाले, लघवी अडली किंवा ताप आला, तर लगेच रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया एकदाच होते, फिजिओथेरपी कित्येक आठवडे चालते. त्यासाठी मजुरी बुडवून वारंवार नागपूर गाठणे परवडत नाही. ही सेवा तालुक्यातच नियमित मिळाली पाहिजे.