सेवेचा वारसा आणि गादीचा मोह

घराघरांत घट बसले आहेत. नऊ दिवस नंदादीप तेवेल, माळा चढतील, आदिशक्तीच्या नाना रूपांचे स्मरण होईल. अशा पर्वकाळी एका परधर्मीय स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण सेवेला पंथ नसतो. आणि सेवेत शिरणारा मोहही सर्व धर्मांत एकच असतो.

इव्हँजेलिन बूथ यांचा जन्म २५ डिसेंबर १८६५ रोजी, ऐन नाताळात, लंडन येथे झाला. त्याच वर्षी त्यांचे मातापिता कॅथरीन व विल्यम यांनी त्या नगरीच्या दरिद्री पूर्व भागात जे कार्य आरंभिले, तेच पुढे ‘मुक्तिफौज’ या नावाने जगभर पसरले. मुंबईस ते १८८२ साली पोहोचले. धर्मप्रसार हाही या फौजेचा हेतू होता. त्याविषयीचे आपले मत आपण अवश्य राखावे. परंतु भुकेल्यास अन्न आणि निराश्रितास छप्पर देणाऱ्या हातांना दोष कसा द्यावा?

इव्हँजेलिनबाई अविवाहित राहिल्या. १९०४ ते १९३४ अशी तीस वर्षे अमेरिकेतील कार्याची धुरा त्यांनी वाहिली. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्यांनी मदत उभी केली. पहिल्या महायुद्धात त्यांनी पाठविलेल्या भगिनी फ्रान्समध्ये सैनिकांचे कपडे शिवीत, त्यांना गोडधोड तळून वाढीत.

परंतु बाईंची खरी कसोटी घरातच लागली. प्रमुखाने आपला उत्तराधिकारी स्वतःच नेमावा, असा मुक्तिफौजेचा नियम होता. त्यानुसार १९१२ साली पित्यामागून ज्येष्ठ बंधू ब्रॅमवेल प्रमुख झाले. प्रमुख निवडून यावा, हा आग्रह बाईंनी बंधूंसमोरही सोडला नाही. १९२९ साली वरिष्ठांच्या सभेने आजारी ब्रॅमवेलना पदावरून दूर केले. त्याच वर्षी ते निवर्तले. या जयात बहिणीच्या हृदयाला काय यातना झाल्या असतील! १९३१ साली नेमणुकीची प्रथा कायद्याने संपली. १९३४ साली बाई स्वतः प्रमुख झाल्या, त्या निवडून येऊनच. त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री. त्यांच्यानंतर बूथ घराण्यातील कोणीही त्या पदावर आले नाही.

आपल्याकडेही कितीएक मठ, देवस्थाने, अन्नछत्रे एखाद्या पुण्यपुरुषाच्या तपावर उभी राहिली. पुढे वारसांनी तप विसरून गादी तेवढी लक्षात ठेवली, भाऊबंदकी न्यायालयात गेली आणि देव मात्र गाभाऱ्यात एकटा राहिला. घराण्याने सेवा करावी. सेवेवर मालकी सांगू नये.

२०२४ साली अहमदनगरास अहिल्यादेवींचे नाव मिळाले. खासगीचे द्रव्य घाटांवर आणि मंदिरांवर वेचणारी ती राजयोगिनी! त्याच नगरात इव्हँजेलिन बूथ यांच्या नावाचे रुग्णालय आहे. दोन स्त्रिया, दोन धर्म. परंतु जे आपले म्हणून हाती आले ते लोकांचे मानण्याची वृत्ती एकच. यंदा घटापुढे हात जोडताना तेवढे दान आपण आदिमायेपाशी मागावे.