गुदैबियाचं आकाश आहे तसंच असू द्या

बहरीनची राजधानी मनामातल्या गुदैबियात राहून ड्रोन घ्यायचं मनात आलं, तर आधी नकाशा उघडावा. वस्तीतच बहरीनच्या संसदेची इमारत आणि गुदैबिया राजवाडा. पलीकडे जुफैरमध्ये अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचा तळ. समोर मुहर्रक बेटावर आंतरराष्ट्रीय विमानतळ, तोही मोजक्या किलोमीटरवर. देशच मुळी बृहन्मुंबईपेक्षा फार मोठा नाही. नागरी विमान वाहतूक खात्याच्या परवानगीशिवाय इथे ड्रोन उडवता येत नाही, आणि हौसेचे चार फोटो काढायचेत एवढ्या कारणासाठी गुदैबियातल्या गच्चीवरून उडवायला ती मिळेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

मग सुट्टीत गावी जाताना ड्रोन बरोबर न्यावा आणि किल्ल्यावर उडवावा, हा दुसरा विचार. तिथली वाटही सरळ नाही. भारत सरकारने 9 फेब्रुवारी 2022 रोजी परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद ठेवले. त्यामुळे बॅगेतून आणलेला ड्रोन कस्टममध्ये अडकू शकतो. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी, तसंच हौसेखातर उडवल्या जाणाऱ्या 2 किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनसाठी पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, ही सवलत खरी आहे. पण लाल, पिवळी आणि हिरवी क्षेत्रं पाहूनच उडवावं लागतं, आणि किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला असेल तर त्या खात्याची परवानगी वेगळी. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या 12 मराठा किल्ल्यांपैकी 11 महाराष्ट्रात आहेत. तिथे घिरट्या घालणाऱ्या हौशी ड्रोनवर नजर राहणार, आणि राहायलाही हवी.

इतके अडथळे पाहून आखातातला हौशी छायाचित्रकार खट्टू होतो. त्याने खट्टू होऊ नये. गुदैबियासारख्या वस्तीचं खरं चित्र दीडशे मीटरवरून मिळणारच नाही. ते पायी फिरणाऱ्याला मिळेल. आणि ते काढण्याची जी संधी आज आहे, ती दहा वर्षांनी असेल, याची खात्री नाही.

उंचीवरून काढलेल्या छायाचित्रांचं मोल कमी आहे, असा याचा अर्थ नाही. बहरीनमध्ये तर त्याचा उत्तम पुरावा आहे. इ.स.पू. 2200 ते 1750 या काळातली दिलमुन संस्कृतीची दफन टेकाडं 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. त्या यादीतल्या 21 ठिकाणी मिळून 11,774 टेकाडं आहेत. मुळात ती याहून कितीतरी अधिक होती. रस्ते आणि घरं बांधताना हजारो सपाट झाली. नाहीशी झालेली टेकाडं कुठे आणि किती होती, हे संशोधकांना सांगता आलं ते विसाव्या शतकाच्या मध्यातल्या जुन्या हवाई छायाचित्रांमुळे. समुद्र बुजवून वाढलेला किनाराही असाच, वरून पाहिल्यावरच कळणारा. महाराष्ट्रात नौदलातले छायाचित्रकार गोपाळ बोधे यांनी हेलिकॉप्टरमधून किल्ले, दीपगृहं आणि किनारे टिपले. त्या चित्रांनी मराठी वाचकाला आपल्या मुलखाची ठेवण पहिल्यांदा एका नजरेत दाखवली.

पण वरून काय दिसतं आणि काय सुटतं, हे समजून घ्यायला वारीकडे पाहावं. उद्धव ठाकरे यांचं 'पहावा विठ्ठल' हे वारीच्या हवाई छायाचित्रांचं पुस्तक आहे. त्यात घाटातून सरकणारी माणसांची रांग, रिंगणाचं वर्तुळ, वाळवंटातली गर्दी यांचा आकार दिसतो. संदेश भंडारे यांनी तीच वारी तिच्याबरोबर चालून टिपली. त्यात भेगाळलेले पाय, डोईवरचं गाठोडं, चुलीपाशी टेकलेली म्हातारी दिसते. दोन्ही चित्रणं खरी. मात्र हेलिकॉप्टर एखाद्यालाच मिळतं, आणि चालणं कुणालाही जमतं. भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर हिंडून केलेलं काम तर असं आहे, की त्याला उंचीचा काहीच उपयोग झाला नसता. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रं काढली, ती गटाराच्या तोंडाशी उभं राहिल्याशिवाय निघालीच नसती.

खुद्द बहरीनमधलं उदाहरण याहून बोलकं आहे. 2010 च्या व्हेनिस वास्तुकला बिनालेत हा देश पहिल्यांदा सहभागी झाला आणि सर्वोत्तम राष्ट्रीय सहभागाचं 'गोल्डन लायन' पारितोषिक घेऊन परतला. बहरीनने तिथे काचेचे मनोरे मांडले नव्हते. किनाऱ्यावर मासेमारांनी फळकुटं, पत्रे आणि जुन्या सोफ्यांतून उभारलेल्या झोपड्या उचलून नेल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत होती बहरीनमध्ये स्थायिक झालेले लेबनीज छायाचित्रकार कामील झकारिया यांची त्याच झोपड्यांची छायाचित्रं. भराव टाकून समुद्र दूर गेला तेव्हा माणसांनी त्याच्याशी नातं कसं टिकवलं, हे त्या चित्रांतून जगाने पाहिलं. बहरीनच्या किनाऱ्याचे उपग्रहातून घेतलेले फोटो तेव्हाही हवे तेवढे मिळत होते.

गुदैबियात असं काय आहे? वरकरणी पाहणारा म्हणेल, काही नाही. जुन्या तीन-चार मजली इमारती, खिडकी-खिडकीला लटकलेले एसी, त्यांच्या पाण्याने ओला झालेला फूटपाथ. कोपऱ्याकोपऱ्यावर कोल्ड स्टोअर, म्हणजे आपलं किराणा दुकान. भारतीय, बांगलादेशी, पाकिस्तानी, फिलिपिनो अशा सगळ्यांची वर्दळ. पण इथेच थोडं थांबून पाहावं. संध्याकाळी तंदूरच्या दुकानासमोर लोक रांगेत असतात, आणि आत भट्टीच्या उजेडात रोटी काढणाऱ्याचा चेहरा तांबूस झालेला असतो. बाहेरच्या ट्यूबलाइटचा उजेड निळसर. एकाच फ्रेममध्ये दोन रंगांचे उजेड. फोनचा कॅमेरा आपणहून हे दोन्ही एकसारखे पांढरे करून टाकतो, म्हणून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवावा लागतो. शुक्रवारी सकाळी मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट रंगतं. बॅट्समनच्या मागे स्टम्प म्हणून काय उभं केलंय, एवढ्या एका गोष्टीचेही वर्षभराचे फोटो जमतील. इंडियन क्लब 1915 पासूनचा. अंदलूस बागेत सुट्टीच्या दिवशी कुटुंबं पाय मोकळे करायला येतात. उन्हाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर पडलं की दमट हवेने लेन्सवर लगेच वाफ धरते; कॅमेरा आधी थोडा वेळ बॅगेतच बाहेरच्या हवेत ठेवावा लागतो, हे इथल्या प्रत्येक हौशी माणसाला दोन-तीन फोटो धुकट आल्यावर समजतं.

यापुढचा मुद्दा एडिटिंगचा, आणि तिथे थोडं कडक व्हायला हवं.

शमाल वारा सुटला की मनामाचं आकाश मातकट होतं. अशा दिवशी ऊन गाळून आल्यासारखं मवाळ असतं, सावल्या जवळजवळ नसतात. हा इथल्या हवेचा स्वभाव आहे. पण हल्ली फोनमधल्या अॅपमध्ये एका बोटाने आकाश बदलता येतं, आणि मग गुदैबियाच्या गल्लीवर पांढऱ्या ढगांचं निळंभोर आकाश चढतं. नीट पाहिलं तर लबाडी उघडी पडते. आकाशात लख्ख सूर्य, आणि खाली माणसाची सावलीच नाही. वायर आणि डिश अँटेनाच्या कडेने बारीक पांढरी रेघ. समोरच्या इमारतीच्या काचेत मात्र अजून तेच धुळकट आकाश. ही फसवणूक कुणाला त्रास देत नाही, असं म्हणता येईल. पण त्या चित्रातून बहरीन गेलं, त्याचं काय? ते आकाश लोणावळ्याचंही असू शकतं, लिस्बनचंही.

उजेड कमी-जास्त करणं, वाकडं क्षितिज सरळ करणं, क्रॉप करणं, लेन्सवरच्या धुळीचा ठिपका काढणं हे डार्करूमच्या काळापासून चालत आलं आहे आणि त्यात काही गैर नाही. रॉ फाइल तर एडिट केल्याशिवाय पाहण्याजोगी होतही नाही. जे होतं ते काढणं आणि जे नव्हतं ते घालणं, इथे ओलांडू नये अशी रेघ आहे. मोठमोठ्यांनी ती ओलांडली आहे. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या पानात बसावेत म्हणून एकमेकांजवळ सरकवले. तेव्हा फोटोशॉप जन्मालाही आलं नव्हतं. 2016 मध्ये इटलीतल्या एका प्रदर्शनात स्टीव्ह मॅकरी यांच्या क्यूबातल्या एका छायाचित्रात जोडकाम फसलेलं दिसलं, आणि नंतर त्यांच्या इतर चित्रांतूनही माणसं आणि वस्तू गायब केल्याचं उघड झालं. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत 2015 साली अंतिम फेरीच्या आधीच्या टप्प्यातल्या सुमारे 20 टक्के प्रवेशिका अशाच फेरफारांसाठी बाद झाल्या. आता तर कॅमेराच नको, अशी स्थिती आहे: 2023 मध्ये बोरिस एल्डाग्सेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी पुरस्कारात एआयने केलेलं चित्र पाठवलं, ते निवडलं गेलं, आणि मग त्यांनीच पुरस्कार नाकारला.

हौशी माणसाला या वादांशी काय देणंघेणं, असं वाटू शकतं. पण गुदैबियातल्या मराठी कुटुंबाच्या हातात जे फोटो आहेत, ते पुढे एकमेव पुरावा ठरणार आहेत. रत्नागिरी-रायगडपासून कितीतरी घरांतली माणसं गेली पन्नास वर्षं आखातात राबली. गावच्या घरात त्यांचे फोटो आहेत ते बहुतेक चकचकीत गाडीशेजारचे, मॉलच्या कारंज्यासमोरचे. ती माणसं जिथे खरोखर राहिली ती खोली, तो एकावर एक पलंग, पत्र लिहायची जागा, सुट्टीच्या दिवशीचं जेवण यांचा फोटो क्वचितच सापडतो. लाज असेल, घरच्यांना काळजी नको हाही विचार असेल. मल्याळी माणसाने हा अनुभव लिहून ठेवला: बेन्यामिन यांनी बहरीनमध्ये राहत असताना लिहिलेली 'आडुजीवितम्' ही कादंबरी 2008 मध्ये आली आणि 2024 मध्ये तिच्यावर चित्रपटही झाला. मराठीत आखाताची अशी नोंद फार तोकडी आहे. कादंबरी लिहिणं सगळ्यांना जमणार नाही. शेजारच्या खोलीचा, डब्याच्या रांगेचा, भाड्याच्या हॉलमधल्या गणपतीच्या तयारीचा प्रामाणिक फोटो काढणं पुष्कळांना जमेल.

त्यासाठी काही पथ्यं आहेत. राजवाडा, सरकारी कचेऱ्या, पोलीस आणि लष्कराच्या जागा यांच्याकडे कॅमेरा वळवू नये. परक्या देशात ही चूक महागात पडते. बायकामुलांचे आणि कामगारांच्या खोल्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि विचारतानाही समोरच्याला नाही म्हणायची पूर्ण मोकळीक असावी. हातातला कॅमेरा पाहून दबणारा माणूस 'हो' म्हणतो, ते होकार धरू नये. फोटो काढला तर त्याची प्रत त्याला द्यावी, शक्य असेल तर कागदावर.

दुसरं पथ्य फाइलींचं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचा आकार घटतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची नोंद गळून पडते. मूळ फाइल जुन्या फोनबरोबर संपते. पाच वर्षांनी कुटुंबाच्या ग्रुपवर उरतं ते चारदा फॉरवर्ड झालेलं, कुणी कधी काढलं ते न कळणारं चित्र. मूळ फाइल हार्ड डिस्कवर, एडिट केलेली वेगळी, आणि सोबत दोन ओळी मराठीत: कोण, कुठे, कधी, काय चाललं होतं. एवढं केलं तरी पुष्कळ.

बहरीनमध्ये महाराष्ट्र कल्चरल सोसायटी आहे, गणेशोत्सव होतात, कार्यक्रमांना गर्दी होते. अशा संस्थांनी फोटो स्पर्धा घ्यावी, पण नियम वेगळे ठेवून. सूर्यास्त आणि मनोऱ्यांऐवजी विषय द्यावा 'राहतो ती गल्ली' किंवा 'कामाची जागा'. एडिट केलेल्या चित्रासोबत मूळ फाइल मागावी, जशी वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरसारख्या स्पर्धा अंतिम फेरीतल्यांकडून मागतात. फोनवर काढलेले फोटो बिनशर्त घ्यावेत. नाहीतर कॅमेरा परवडणारेच भाग घेतील आणि ज्यांच्याकडे दाखवण्यासारखं सगळ्यात जास्त आहे तेच बाहेर राहतील. वर्णनाच्या दोन ओळींना वेगळे गुण ठेवावेत. आणि निकाल लागला की फाइली संस्थेच्या संग्रहात राहाव्यात, फोटो काढणाऱ्याच्या नावासह. सुरुवात 16 डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाला धरून करता येईल: तेव्हा जोडून सुट्टी मिळते, हवा फिरण्याजोगी असते, रस्त्यांवर लाल-पांढरी रोषणाई लागते, आणि पाचच्या आतच सूर्य मावळत असल्याने लहान मुलांनाही सोबत घेऊन तिरप्या उन्हात गल्ल्या हिंडता येतात.